शिकार चालू की बंद हे नंतर, आधी नुकसानीची पावती कुणाच्या नावावर फाटते ते विचारा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एक व्हिडिओ पाठवलाय आणि तुमचं म्हणणं असं की अमेरिकेत म्हणे शिकाऱ्यांच्याच पैशावर वन्यप्राणी सांभाळले जातात, जर्मनीत रानडुकराचं मटण उघडपणे विकत मिळतं, नामिबियात एका गेंड्याच्या शिकारीसाठी कुणीतरी साडेतीन लाख डॉलर मोजले, आणि दुसरीकडे केनिया नि भारतात शिकारच बंद. मग यातलं बरोबर कोण, एकच मॉडेल उचलायचं झालं तर कुठलं, आणि 'यंदा इतकी जनावरं मारायची' हा आकडा ही मंडळी काढतात तरी कुठून?

आधी माझी बाजू सांगून टाकतो. वन्यप्राण्यांची मोजणी करायची आणि त्यावरून कोटा ठरवायला मदत करायची हे माझं काम, १८ वर्षं झाली. त्यातली बहुतेक नामिबियात गेली, मधे दोन सीझन जर्मनीत होतो, आणि एक अख्खा नोव्हेंबर अमेरिकेत हरणं तपासायच्या नाक्यावर कुडकुडत काढलाय. बाकीच्या देशांबद्दल जे लिहितोय ते वाचून आणि तिथल्या लोकांशी बोलून. त्यामुळे नामिबियाबद्दल मी जरा आपुलकीने बोलेन, तेवढं वजा करून वाचा. मी स्वतः शिकार करत नाही, पण शिकाऱ्यांवर रागही नाही.

आता मुद्दा. 'शिकार चालू' आणि 'शिकार बंद' अशा दोन टोपल्या करून देश त्यात टाकले की सगळी गल्लत होते, कारण शिकार हे नुसतं अवजार आहे, ते कुणाच्या हातात आहे आणि कशासाठी वापरलं जातंय यावर सगळं ठरतं. नवीन ठिकाणी गेलो की मी पहिल्या दिवशी तीनच गोष्टी विचारतो. हा प्राणी कायद्याने कुणाचा? त्याने पीक खाल्लं, गुरं मारली तर पैसे कुणाच्या खिशातून जातात? आणि तो जिवंत राहिला तर कुणाच्या पदरात काय पडतं? या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगवेगळ्या माणसांकडे बोट दाखवत असतील तर तिथे कायदा कितीही कडक असो, काहीतरी नासणार हे मी आधीच वहीत लिहून ठेवतो.

एक उदाहरण देतो म्हणजे अवजाराचं काय म्हणतोय ते पटेल. रेड डिअर नावाचं मोठं हरीण. जर्मनीत ते मानाचं, त्याच्या शिकारीचा वर्षाचा आराखडा बनतो, किती नर, किती माद्या, कुठल्या वयाचे, सगळं कागदावर. तेच हरीण एकोणिसाव्या शतकात जहाजातून न्यूझीलंडला नेऊन सोडलं, आणि त्या बेटांवर वटवाघळं सोडली तर मूळचा जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता, म्हणजे तिथल्या झाडांना चरणाऱ्या खुरवाल्यांची सवयच नाही. जंगलं खालून बोडकी व्हायला लागली. १९३० च्या दशकापासून सरकारने पगारी माणसं ठेवून हरणं मारली, पुढे १९६० नंतर हेलिकॉप्टरमधून मारून मटण एक्स्पोर्ट व्हायला लागलं. आजही सरकारी जमिनीवर फुकट परमिट घ्या आणि हवी तेवढी हरणं मारा. म्हणजे प्राणी तोच, एका देशात आराखड्यात मोजून मापून आणि दुसऱ्या देशात उपद्रवी. यातलं कोण चूक?

अमेरिकेपासून सुरू करू, कारण त्याच्यावरच सगळ्यात जास्त व्हिडिओ बनतात आणि निम्मे अर्धवट असतात. तिथे वन्यप्राणी जमीनमालकाचा नाही, तो जनतेचा, सरकार फक्त विश्वस्त. मालक तुम्हाला जमिनीवर येऊ देणार की नाही एवढंच त्याच्या हातात. हे असं का झालं ते बघायला एकोणिसाव्या शतकात जावं लागतं, तेव्हा बाजारासाठी बेसुमार शिकार चालायची, रेल्वेने पिंपंच्या पिंपं भरून पक्षी शहरात जायचे. पॅसेंजर पिजन नावाचं कबूतर, ज्याचे थवे आकाश झाकायचे, त्यातलं शेवटचं १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. त्या धक्क्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. १९०० चा लेसी कायदा आला, राज्याचे नियम मोडून मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात न्यायचं नाही, आणि हळूहळू शिकारीचं मटण विकायलाच बंदी झाली. मारा, खा, वाटा, पण विकायचं नाही.

पैशाची व्यवस्था १९३७ ची. पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर (पिस्तुलांवर १०), तो राज्यांना वाटला जातो, निम्मा राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मा शिकारीचं लायसन्स घेतलेल्या लोकांच्या संख्येवर. पण खरी हुशारी त्यातल्या एका अटीत आहे जी कुणी सांगत नाही. लायसन्सची फी जर राज्याने दुसरीकडे वळवली, रस्त्याला लावली, पुलाला लावली, तर हा केंद्राचा पैसा बंद. या एका ओळीमुळे तिथल्या वन्यजीव खात्यांचं बजेट जवळजवळ ९० वर्षं बऱ्यापैकी शाबूत राहिलंय. शिवाय १९३४ पासून बदकांच्या शिकारीला वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो, आता २५ डॉलरचा, त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा घेण्यात किंवा राखण्यात जातो. १९०० च्या आसपास पाचेक लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आज अंदाजे ३ कोटींच्या घरात आहेत.

आणि इथेच गाडं अडतंय. पैसा शिकाऱ्याकडून येतो, म्हणून कामही शिकाऱ्याला हव्या असलेल्या प्राण्यांवर जास्त होतं, बेडूक-सरड्यांना कुणी वाली नाही. हरणं इतकी झालीत की ती गाड्यांवर आदळतायत, जंगलातली रोपं खाऊन टाकतायत, त्यात सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग पसरतोय, आणि ती कमी करायची म्हणजे माद्या मारायला हव्यात, पण शिकाऱ्याला हवा शिंगवाला नर. विस्कॉन्सिन राज्याने यावर एक मस्त नियम काढला होता, आधी एक बिनशिंगाचं हरीण मारून दाखवा, मगच नर मारायची परवानगी. जीवशास्त्राच्या दृष्टीने एकदम बरोबर, काम करत होता. शिकाऱ्यांना अजिबात आवडला नाही आणि २०११ मध्ये विधिमंडळाने तो मोडीत काढला. ज्याच्या पैशावर खातं चालतं त्याला नाही म्हणणं अवघड असतं, मग तो अमेरिकन असला तरी.

जर्मनी याच्या बरोबर उलट. तिथे शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे. १८४८ च्या क्रांतीआधी शिकार ही सरदारांची, शेतकऱ्याने पीक खाणारं हरीण हाकलायचं सुद्धा भीत भीत. क्रांतीत हा हक्क जमीनमालकाकडे आला, मग काय, ज्याचं चार बिघे शेत तोही बंदूक घेऊन उभा, प्राणी झपाट्याने कमी झाले, आणि दोनच वर्षांत प्रशिया या तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याने नियम केला की ठरावीक सलग क्षेत्र असेल तरच स्वतंत्र शिकार. तोच आराखडा आजही आहे: सलग ७५ हेक्टर असेल तर तुमचं स्वतःचं शिकारक्षेत्र, नसेल तर छोट्या जमीनमालकांची आपोआप मंडळी बनते आणि ती मंडळी आपलं क्षेत्र शिकाऱ्याला भाड्याने देते, साधारण नऊ वर्षांसाठी. शिकारीच्या लायसन्सची परीक्षा चांगलीच कडक, प्राणिशास्त्र, कायदा, शस्त्र, मटणाची स्वच्छता, सगळं.

आता मला जर्मनीतला सगळ्यात आवडणारा नियम. रानडुकरांनी मका उद्ध्वस्त केला तर भरपाई सरकार देत नाही. ती जबाबदारी त्या जमीनमालकांच्या मंडळीची, आणि करारात ती बहुतेक वेळा भाडेकरू शिकाऱ्याच्या गळ्यात बांधलेली असते. म्हणजे डुकरं वाढू दिली तर पावती त्याच्या नावावर फाटते. मी एकदा असा एक भाडेकरू बघितला, पेशाने दातांचा डॉक्टर, रात्री अकराला मक्याच्या कडेच्या मचाणावर बसलेला, सकाळी परत क्लिनिक. त्याला विचारलं एवढा कसला शौक, तर म्हणाला शौक कसला, गेल्या वर्षी या शेतकऱ्याला दिलेले पैसे आठवतायत. आणि मारलेलं डुक्कर तो विकूही शकतो, ट्रिकिनेला या जंताची तपासणी करून घ्यायची की झालं. अमेरिकेत मटण विकायला बंदी म्हणून प्राणी वाचले आणि जर्मनीत मटण विकता येतं म्हणून डुकरं मारायला माणूस तयार होतो. हे दोन्ही खरं आहे, कारण अमेरिकेत प्रश्न प्राणी संपण्याचा होता आणि जर्मनीत तो प्राणी जास्त होण्याचा आहे.

जर्मन लोकांची मोजणीची शिस्त बघायची असेल तर त्यांचं वार्षिक प्रदर्शन बघा. मोठ्या हॉलमध्ये टेबलांवर वर्षभरात मारलेल्या नरांची शिंगं, प्रत्येकाला नंबर, आणि शेजारी खालचा जबडा बांधलेला. मला त्यांनी जबडे तपासायला बसवलं होतं. रो डिअर हे छोटं हरीण असेल तर आधी तिसरी दाढ बघायची, ती तीन भागांची असेल तर दुधाची, म्हणजे जनावर साधारण वर्षाच्या आसपासचं किंवा लहान, दोन भागांची असेल तर त्याच्या पुढचं. मग पुढची मोठी दाढ बघायची, ती सगळ्यांत आधी येते म्हणून सगळ्यांत जास्त झिजते, तिच्यावरचे तपकिरी पट्टे रुंद होत होत शेवटी खड्डा सपाट होतो. नखाने चाचपून बघायचं. शिकारी बाजूला उभा राहून सांगत असतो की सहा वर्षांचा म्हातारा नर होता आणि जबडा म्हणतो तीन. मग जे वाद होतात ते ऐकण्यासारखे असतात. ही मजा नाहीये, वय चुकलं की पुढचा आराखडाच चुकतो.

तरीही जर्मनीत सगळं आलबेल नाही. वनवाले म्हणतात हरणं एवढी आहेत की ओक आणि फरची रोपं वर येतच नाहीत, शिकारी म्हणतात तुम्हाला जंगलात फक्त लाकूड दिसतं. रानडुकरांचा तर कोटाच नाही, २०१९-२० च्या हंगामात पावणेनऊ लाखांच्या आसपास मारली, तरी ती आहेतच. त्यात २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग आला, मग कुंपणं, शोधकुत्रे आणि काय काय.

दक्षिण आफ्रिकेकडे येऊ. १९९१ च्या कायद्याने तिथे ठरवलं की जमिनीला नीट कुंपण असेल आणि तसा दाखला असेल तर आतला प्राणी मालकाचाच, पळाला तरी त्याचाच. लोकांनी गुरं काढून हरणं पाळली, गेम रँच हजारोंनी उभे राहिले, शेतजमिनीवर रानटी प्राणी परत आले हे मान्यच करायला हवं. पण मालकी खाजगी झाली की बाजाराची अक्कलही आत येते. काळा इम्पाला, सोनेरी विल्डेबीस्ट असे विचित्र रंगाचे प्राणी मुद्दाम पैदा करायची लाट आली. २०१६ मध्ये लांब शिंगांच्या एका रानरेड्याची किंमत १७ कोटी ६० लाख रँड लावली गेली. विचित्र रंगाच्या प्राण्यांचे भाव पुढे आपटलेच. पिंजऱ्यात वाढवलेले सिंह मारायला देणं हे तर मी वन्यजीव व्यवस्थापनात धरतच नाही. कुंपणच शेत खातं ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

नामिबियाने थोडा वेगळा रस्ता धरला. १९७५ मध्ये खाजगी शेतमालकांना प्राण्यांवर हक्क मिळाला, पण तेव्हाच्या वर्णभेदाच्या राजवटीत शेतमालक म्हणजे गोरे. सामूहिक जमिनीवर राहणाऱ्या लोकांसाठी प्राणी म्हणजे सरकारचं जनावर, जे आपलं खातं आणि मारलं तर आपल्यालाच तुरुंगात पाठवतं. स्वातंत्र्यानंतर १९९६ मध्ये कायदा बदलला, गावकऱ्यांनी हद्द ठरवून, सभासद नोंदवून, समिती निवडून कंझर्व्हन्सी स्थापन करायची आणि मग पर्यटन नि शिकारीचं उत्पन्न थेट त्यांचं. १९९८ मध्ये पहिल्या चार झाल्या, आता ८० च्या वर आहेत आणि देशाची साधारण पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याखाली आहे.

इथे तुमच्या 'आकडा कसा काढतात' या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते मी हाताने केलेलं काम आहे. वायव्येकडे दरवर्षी ठरलेल्याच रस्त्यांवरून पिकअप हळू चालवायची, मागे तिघे-चौघे उभे, दिसेल तो प्राणी, किती आणि रस्त्यापासून किती लांब ते लिहायचं. शेवटी आकडा निघतो तो दर १०० किलोमीटरला किती दिसले असा. एकूण संख्या किती यावर मी फार विसंबत नाही, वर्षागणिक रेषा वर जातेय की खाली ते महत्त्वाचं. याच्या जोडीला गेम गार्डची, म्हणजे गावाच्या वन्यप्राणी राखणदाराची वही, तिथे तिला इव्हेंट बुक म्हणतात. पिवळी कार्डं रोजच्या नोंदीची, निळी महिन्याची, लाल वर्षांची. बिबट्याने बकरी नेली, एक चौकोन भरायचा. फास सापडला, एक चौकोन. फार शिक्षण लागत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे वही गावातच राहते, शहरातल्या ऑफिसात फक्त कॉपी जाते.

मग कोट्याची बैठक. झाडाखाली तक्ता लावतात, प्रत्येक प्राण्यासमोर वर, खाली किंवा आडवा बाण काढायचा, एक बाण मोजणीचा, एक गेम गार्डच्या नोंदींचा, एक शिकारीच्या ट्रॉफीच्या, म्हणजे शिकारी आठवण म्हणून नेतो त्या शिंगांच्या मापाचा, एक गावकऱ्यांच्या मताचा. चारही बाण एका दिशेला असले तर काम सोपं. एकदा कुडू या पिळदार शिंगांच्या मोठ्या हरणाच्या बाबतीत मोजणी सांगत होती आडवा, सगळं ठीक, मी तेच धरून बसलो होतो. एक म्हातारा गेम गार्ड उठला आणि म्हणाला, तुमची मोजणी माद्या मोजते, गेली तीन वर्षं मी शिंगं मोजतोय आणि ती दरवर्षी बोटभर कमी होतायत. म्हणजे जुने नर संपत आले होते आणि शिकारी आता तरुण नरांवर आले होते. कोटा निम्मा केला. तेव्हापासून ट्रॉफीसाठीचा आकडा अंदाजे संख्येच्या दोन-तीन टक्क्यांवर जायला लागला की माझा हात आखडतो. तुलनेला, ऑस्ट्रेलियात कांगारूंची मटण-कातड्यासाठी जी शिकार होते तिचा कोटा अंदाजे संख्येच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंत असतो, कारण तो झपाट्याने वाढणारा प्राणी, शिवाय तिथे विमानातून मोजणी होते. टक्का हा प्राण्याच्या वाढीवर ठरतो, देशाच्या तत्त्वज्ञानावर नाही.

माझी चूकही सांगतो. एका चांगल्या पावसाच्या वर्षी स्प्रिंगबॉक ही छोटी हरणं रस्त्यालगतच्या कोवळ्या गवतावर येऊन बसली होती, आमच्या मोजणीत आकडा फुगला, मी मटणासाठीचा कोटा वाढवायला हो म्हटलं. पुढच्या वर्षी पाऊस नाही. पाऊस नसलेल्या वर्षी पाडसं जगतच नाहीत, आणि आम्ही भरल्या वर्षाच्या हिशोबाने जनावरं उचलली होती. गावकऱ्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षीच्या बैठकीत माझ्या बाणाकडे कुणी बघितलं नाही एवढं मात्र लक्षात राहिलं. आता मी कोटा पाऊस बघूनच अर्धा सोडतो, बाकीचा मधे परत बघून.

आणि नामिबियाचं गाणं गाताना त्याची कच्ची बाजू लपवायला नको. २०१३ नंतरच्या दुष्काळांत वायव्येकडचे प्राणी खूप घटले. २०२० मध्ये कोविडने परदेशी पाहुणे थांबले तर पर्यटन आणि शिकार दोन्हीचं उत्पन्न एकदम बसलं, गेम गार्डचे पगार द्यायचे वांधे झाले. ज्या मॉडेलचं पोट परदेशी पाहुण्यावर आहे त्याचं हे असंच होणार.

इथवर चार मुख्य देश झाले, चार हक्कदार: अमेरिकेत जनता, जर्मनीत जमीनमालक, दक्षिण आफ्रिकेत कुंपणवाला मालक, नामिबियात गाव. आता बंदीवाले.

केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, कारण तेव्हा हस्तिदंताची चोरटी शिकार आणि भ्रष्टाचार हाताबाहेर गेला होता. शिकारसमर्थक लोक लगेच एक आकडा तोंडावर फेकतात की १९७७ ते २०१६ मध्ये केनियातले वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. आकडा खरा आहे. पण तो बंदीमुळे असं म्हणणं घाईचं, त्याच काळात माणसं वाढली, मेंढ्या-बकऱ्या वाढल्या, जमिनीचे तुकडे पडून कुंपणं आली. बंदीने एवढंच झालं की जनावर जिवंत ठेवण्याचं जमीनमालकाकडे काही कारण उरलं नाही, तोटा मात्र त्याचाच राहिला. मसाई माराच्या भोवती जिथे पर्यटन कंपन्या मसाई कुटुंबांना जमिनीचं नियमित भाडं देतात, तिथे चित्र बरंच बरं आहे. बंदुकीचा बार न काढता, प्राणी जिवंत राहिला तर कुणाच्या पदरात काय पडतं या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की नाही?

भारताने १९७२ मध्ये कायदा केला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. वाघांचा अंदाज २००६ मध्ये १४११ होता तो २०२२ मध्ये ३६८२ झाला, एवढ्या दाट लोकवस्तीच्या देशात हे सोपं काम नाही, आणि बंदीशिवाय ते झालं असतं असं मला वाटत नाही. अडतं ते वाघावर नाही, रानडुकरावर आणि नीलगायीवर. प्राणी सरकारचा, पीक शेतकऱ्याचं, भरपाई मिळते पण अर्ज, पंचनामा, फेऱ्या, आणि शेवटी हातात पडते ती रक्कम बघून पुढच्या वेळी माणूस अर्जच करत नाही. कायद्याच्या ६२ व्या कलमाखाली केंद्र ठरावीक भागापुरता प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं, बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, शिमल्यात माकड असं झालंय. शिमल्यात माकडं मारायला फारसं कुणी पुढे आलंच नाही, कारण परवानगी कागदावर दिली तरी माणसाचा हात उठायला हवा ना. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांचा परवाना पंचायतीच्या पातळीवर आणला, ते मला पटलं, पण मारलेलं डुक्कर खायचं नाही, विल्हेवाट लावायची. म्हणजे मारायला जाणाऱ्याच्या हाती काडतुसाचा खर्च तेवढा. तो जर्मन दातांचा डॉक्टर इथे एकदाच आला असता.

बंदी म्हणजे कुणी मारतच नाही असंही नसतं हां. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा कँटनने (म्हणजे तिथल्या राज्याने) १९७४ मध्ये मतदानाने शिकार बंद केली, आणि तेव्हापासून डुकरं वाढली की सरकारी पगारी रक्षक रात्री जाऊन मारतात. गोळी सुटतेच, फक्त ती कोण सोडणार ते बदललं, आणि खर्च करदात्यावर आला. श्रीमंत आणि छोट्या जागेला हे परवडतं.

मला विचाराल तर सगळ्यात कमी चर्चा झालेली आणि सगळ्यात हुशार व्यवस्था स्वीडनची आहे. तिथे सामी हे उत्तरेकडचे मूळ रहिवासी रेनडिअर पाळतात, आणि लिंक्स (मोठं रानमांजर) नि वूल्व्हरिन (छोट्या अस्वलासारखा दिसणारा शिकारी प्राणी) ते खातात. १९९६ पासून सरकारने मेलेल्या रेनडिअरमागे पैसे द्यायचं सोडलं. आता त्या भागात लिंक्स किंवा वूल्व्हरिनने पिल्लं घातल्याची खात्री झाली की प्रत्येक विणीमागे दोन लाख क्रोनर सामी गावाला, तुमची जनावरं खाल्ली की नाही ते आम्ही विचारणार नाही. पंचनामा नाही, मेलेल्या जनावराचे तुकडे शोधत फिरणं नाही, आणि कळप नीट राखला तर फायदा तुमचाच. गाव स्वतःच पिल्लांचा माग काढायला मदत करतं. हे जमायला मोजणारी यंत्रणा विश्वासू लागते, नाहीतर कागदावर पिल्लंच पिल्लं होतील.

म्हणून 'एकच मॉडेल उचला' याला माझं उत्तर नाही असं आहे. अमेरिकन पद्धत भरपूर सरकारी जमीन, लाखो हौशी शिकारी आणि प्रामाणिक लायसन्स तपासणी यांवर उभी आहे, यातलं एक काढलं तरी ती बसते. जर्मन पद्धतीला जमिनीच्या नोंदी स्वच्छ लागतात. नामिबियात काही भागांत दर चौरस किलोमीटरला एक माणूसही नाही, ते दाट वस्तीच्या देशात कसं नेणार? पण एकेक खिळा उचलता येतो, फी दुसरीकडे वळवायची नाही ही अट, नुकसानीची जबाबदारी प्राण्याचा फायदा घेणाऱ्यावर, गावात राहणारी वही, पिल्लांमागे पैसे. यातला प्रत्येक खिळा शिकार बंद असलेल्या देशातही बसतो, फक्त जर्मनीवाल्या खिळ्यात फायदा घेणारा म्हणजे शिकाऱ्याऐवजी रिसॉर्टवाला धरायचा. तो या कल्पनेवर भडकेल ते वेगळं.

राहिला तुमचा गेंडा. तो लिलाव जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसला झाला, साडेतीन लाख डॉलर, आणि शिकार २०१५ मध्ये. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने २००४ मध्ये नामिबियाला वर्षाला पाच काळ्या गेंड्यांची मुभा दिली, आणि तिथे त्यासाठी म्हातारा नर निवडतात, जो आता पैदाशीला उपयोगी नाही पण तरुण नरांना आणि कधी कधी माद्यांनाही भोसकून मारतो. पैसा सरकारी वन्यजीव निधीत जातो. संख्येच्या हिशोबाने हे बसतं, मी कागदावर सही केली असती. ते बघायला मात्र गेलो नसतो. पाकिस्तानातल्या मारखोर या डोंगरी रानबकऱ्याचं उदाहरण मला जास्त पटतं, तिथे शिकारीच्या फीमधले ८० टक्के खोऱ्यातल्या गावांना जातात, आणि चोरट्या शिकाऱ्याला गावकरीच आधी अडवतात. २०१५ मध्ये तो प्राणी धोक्यातल्या यादीतून दोन पायऱ्या वर आला. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत फी किती ते तीनदा सांगितलंय, पण ती फी पुढे कुणाच्या खात्यात जाते ते एकदाही नाही. पुढचा व्हिडिओ बघाल तेव्हा आधी ते शोधा, आणि सापडलं तर इथे टाका, मलाही वाचायचंय.